शर्टकंपनीच म्हणायचं

आमच्या रस्त्याला दोन नावं आहेत. एक महापालिकेच्या निळ्या पाटीवर आहे आणि दुसरं लोकांच्या तोंडात. पाटीवरचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्या माणसाला अख्खा रस्ता मिळालाय, वर माझ्या कागदावरची जागा कशाला देऊ? तुम्ही वसईत उमेळ्याच्या बाजूला कधी आलात तर शेअर रिक्षात बसून नुसतं 'शर्टकंपनी' म्हणा, कोणीही आणून सोडेल. पाटीवरचं नाव सांगितलंत तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडं बघत राहील. हे आपोआप झालेलं नाही. हे मी केलंय. हौस म्हणून नाही, सूड म्हणून केलंय, आणि अजून रोज करतेय.

सूड म्हटल्यावर दचकू नका. मी फॉल-पिको आणि ब्लाऊज करणारी बाई आहे. माझ्या हातात कात्री असते ती कापडापुरतीच.

कंपनी यायच्या आधी हा रस्ता म्हणजे आमच्या लोकांच्या भातखाचरांच्या कडेचा बांध होता. एका अंगाला खाचरं, दुसऱ्या अंगाला केळीची वाडी, आणि पार टोकाला खाडीचं पाणी अडवायला घातलेली मातीची भिंत. मुंबईहून शेठ आला. त्यानं खाचरं घेतली, भराव टाकला आणि पत्र्याची लांबलचक शेड उभी केली. ट्रक आत यावेत म्हणून त्या बांधावर खडी पडली. ती खडी आमच्याच बायकांनी घमेल्यातून वाहिली, माझी आई त्यांच्यात होती. गेटावर इंग्रजीत मोठं नाव होतं, ते वाचता येणारं आमच्यात कोणी नव्हतं. आत पुरुषांचे शर्ट शिवले जायचे, म्हणून आम्ही म्हणायला लागलो शर्टकंपनी. झालं, रस्त्याचं बारसं झालं. ना मंडप, ना भाषण.

शेड तयार झाल्यावर खडी वाहणाऱ्या बायकाच आत कामाला लागल्या. आमच्या भातवाल्यांच्या घरातल्या, वाडीतल्या ख्रिस्ती बायका, कोकणातून नवीन आलेल्या भाडेकरणी, सगळ्या एका लाईनीत. आई काजमशीनवर होती. काजमशीन म्हणजे बटणाची भोकं करणारं यंत्र. त्याचा आवाज असा कडकडकड यायचा की बाया एकमेकींशी ओठांच्या हालचालीवरून बोलायच्या. घरी आल्यावरही आई कितीतरी वेळ तशीच आवाज न काढता बोलायची. आम्ही हसायचो. मी दहावीला गणितात आपटले आणि मलाही तिथंच धागे कापायला बसवलं. शिवून आलेल्या शर्टाचे लोंबते धागे कात्रीनं उडवायचे, बस. मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू? बायकांच्या थट्टामस्करीत दिवस कसा जायचा कळायचं नाही.

आवडायचं नाही ते संध्याकाळचं गेट.

कंपनीचा एक नियम होता. कटिंगच्या टेबलाखाली पडलेली चिंधीसुद्धा कंपनीची. ती पोत्यात भरून विकायला जायची, पुसण्यासाठी म्हणून गॅरेजवाले घ्यायचे. चिंधी बाहेर नेली तर चोरी. म्हणून सुटताना झडती. पुरुषांची झडती वॉचमन घ्यायचा, बायकांची शेठाणी. हो, शेठाणी स्वतः! गेटाच्या आत खुर्ची टाकून बसायची, पायाशी एक स्टूल. आम्ही एकामागून एक तिच्यापुढं उभ्या राहायचो. डबा उघडून दाखवायचा, पिशवी उलटी करायची, मग ती कमरेवरून, पाठीवरून हात फिरवायची. बाई बाईची झडती घेते म्हणजे अब्रू सांभाळली, असं शेठ अभिमानानं सांगायचा.

त्या दिवशी मी रांगेत आईच्या मागं होते. शेठाणीचा हात आईच्या कमरेवरून खाली आला आणि थांबला.

"हे काय आहे?"

आई वाकून तिच्या कानात बोलली. मला ऐकू आलं. "बाई, अडचन आलीय. अचानक आली. जवळ काय नव्हतं."

पाळी आली होती तिची. आमच्याकडं तेव्हा त्याला अडचण म्हणायचे. काम सोडून घरी जाऊ देत नव्हते, म्हणून तिनं कटिंगच्या टेबलाखालून चार चिंध्या उचलल्या होत्या आणि घडी करून घेतल्या होत्या. कोणत्या बाईनं दुसरं काही केलं असतं? मला वाटलं, शेठाणी मान हलवेल आणि पुढं जा म्हणेल. ती पण बाईच होती की.

शेठाणी म्हणाली, "कंपनीचा कपडा आहे ना? मग काढ."

आईला वाटलं ती उद्याचं बोलतेय. "उद्या धुवून आनते बाई."

"उद्या नाही. आत्ता काढ. इथं ठेव." आणि तिनं पायानं स्टूल पुढं सरकवलं.

आई वॉचमनच्या केबिनमागं गेली. परत आली तेव्हा तिनं ते पदराखाली धरलं होतं. शेठाणीनं बोट दाखवलं. आईनं ते स्टुलावर ठेवलं. निळ्या चौकड्यांचं कापड, परदेशी जाणाऱ्या मालातलं, आणि त्याच्यावर माझ्या आईचं रक्त. मागं सगळी शिफ्ट उभी होती, बायका आणि पुरुष. कोणी खाली बघत होतं, कोणी बघत नव्हतं. शेठाणी मोठ्यानं म्हणाली, "सगळे जाईपर्यंत हे इथंच राहील. म्हणजे कळेल चोरी काय असते."

मग मी काय केलं ते सांगते आणि त्याचा मला आजही आनंद आहे. मी रांग सोडून पुढं गेले, ते कापड उचललं आणि शेठाणीला म्हणाले, "घालायचंय का तुझ्या शेठला? की गॅरेजला विकणार?" सतरा वर्षांची होते. आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. वॉचमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं, पण कापड मी सोडलं नाही. आई माझ्या मागून निघाली. त्या खडीच्या रस्त्यावरून आम्ही घरी आलो. तिची चाल मला अजून आठवते. पाय एकमेकांना चिकटवून, छोटी छोटी पावलं टाकत.

दोघींचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी वडील विचारायला गेले. शेठनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, "नियम सगळ्यांना सारखा असतो. मी तरी काय करणार?" वडील परत आले आणि ओटीवर बसून राहिले. गावात आईला नाव पडलं, चिंधीचोर. बोलणारी तोंडं कुठली? आपलीच! पाणी भरायला गेली की कोणीतरी हळूच म्हणायचं. त्या दिवसाबद्दल आईनं पुढं कधीच तोंड उघडलं नाही. ना रडली, ना शेठाणीला शिव्या दिल्या. मी विषय काढला की उठून आत जायची. तिच्या वाटणीचा सगळा राग मीच माझ्याकडं ठेवला.

मी शिवण शिकले, शेडच्या समोरच्याच अंगाला टपरीएवढं दुकान टाकलं. मुद्दाम समोर. रोज दुकान उघडताना गेट दिसायला पाहिजे, म्हणजे राग शिळा होत नाही. पुढं कंपनी बंद पडली. ऑर्डरी कुठं कुठं गेल्या म्हणे, मशिनी ट्रकात चढल्या, शेडला कुलूप लागलं आणि गेटात एरंड उगवले. मी खूश झाले. पण देव माझ्या बाजूनं फार वेळ राहिला नाही. शेड पाडली आणि तिथं टॉवर आला. खाली पार्किंग, वर फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला शेठच्या कुटुंबाला. म्हणजे ती शेठाणी बया माझ्या दुकानाच्या डोक्यावरच राहायला आली. शेठ त्या वरच्या मजल्यावरच गेला, झोपेत, सुखानं. तेव्हाही मी चिडले होते. असल्या माणसांना झोपेत कसं काय मरण येतं हो?

मग त्याच्या मुलानं घाट घातला की रस्त्याला वडिलांचं नाव द्यायचं. मुलगा बांधकामाच्या धंद्यात, ओळखी भरपूर. पाटी मंजूर झाली, मंडप पडला. आणि काय केलं असेल? कंपनीतल्या जुन्या बायकांना शाल-नारळ द्यायचं ठरवलं. घरोघर माणूस फिरला. आमच्याही दारात आला, आईचं नाव लिहून घेऊन गेला. चिंधीचोर ठरवून हाकललेल्या बाईला शाल! ते लोक कपटानं वागले असते तर मला एवढं लागलं नसतं. ते विसरले होते. चक्क विसरले होते! आमच्या घरात जो दिवस अजून संपलेला नव्हता, तो त्यांच्या घरात कुणाच्या गावीही नव्हता.

आई गेली नाही. वालाच्या शेंगा सोलत बसली. मी गेले. पुढच्या खुर्चीत बसून सगळं ऐकलं. वक्ता म्हणाला, शेठजींनी या भागातल्या महिलांना मानानं जगायला शिकवलं. टाळ्या पडल्या. शेठाणी व्हीलचेअरवर, स्टेजच्या मध्यभागी. आईचं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. मी वाकल्यावर शेठाणीनं माझ्या खांद्यावर शाल ठेवली आणि हसून विचारलं, "कुठल्या खात्यात होतीस गं?"

मी म्हणाले, "गेटावर."

तिला काही कळलं नाही. ती हसतच राहिली आणि पुढच्या बाईकडं वळली. मी ती शाल स्टेजच्या पायरीवर ठेवून आले. दोरी ओढली, पडदा सरकला, पाटी दिसली. त्या वेळी मी मनाशी म्हटलं, लाव बाबा. खांबावर लाव, दिव्यावर लाव. पण लोकांच्या तोंडात तुझं नाव येऊ दिलं तर माझं नाव सांगणार नाही.

कामाला दुसऱ्या दिवशीच लागले. आधी रिक्षा स्टँड. रिक्षावाल्यांच्या खाकी शर्टांची बटणं कायम तुटलेली असतात. मी सांगून टाकलं, जो स्टँडवर 'शर्टकंपनी, शर्टकंपनी' ओरडेल त्याची बटणं, उसवलेला खिसा, फाटलेली कॉलर, सगळं माझ्याकडं फुकट. महिन्याभरात सगळा स्टँड ओरडायला लागला. उत्तरेकडून आलेले नवीन पोरगेसुद्धा "शर्टकंपनी, एक सीट, एक सीट" करायला लागले. त्यांना तर वाटतं अजून आत शर्ट शिवतात. एकानं मला विचारलं, मौसी, कंपनी का माल सस्ता मिलेगा क्या?

मग निर्मळहून केळी आणि फुलं आणणाऱ्या बायका, वटारची भाजीवाली, सायकलवरचा पाववाला. त्यांना शिकवायची गरजच नव्हती, त्यांच्या तोंडी तेच नाव होतं, फक्त सुटू द्यायचं नव्हतं. कठीण होते ते टॉवरमधले नवे लोक. बायका फॉल लावून घ्यायला यायच्या आणि फोनवर पाटीवरचा पत्ता सांगायच्या. मी सुई थांबवून म्हणायचे, "अहो ताई, असं सांगितलंत तर पार्सल वसईभर फिरून येईल. शर्टकंपनी म्हणा." एक-दोनदा पार्सल खरंच फिरून आलं. ते मी फिरवलं असेल का? विचारू नका. डिलिव्हरीवाला पाटीवरचं नाव घेऊन दुकानात आला की मी म्हणायचे, "इथं असा रस्ता नाही रे बाबा." आणि ते खरंच होतं. माझ्या दुकानात तरी नव्हता. भाचीकडून फोनच्या नकाशातही 'शर्ट कंपनी रोड' टाकून घेतलं. ती म्हणाली, मावशी, तुला वेड लागलंय. म्हटलं, लागू दे.

वर्षं गेली. पाटीवर कावळे बसले, धूळ बसली, निवडणुकीची पत्रकं चिकटली. नाव कोणी घेत नव्हतं. शेठच्या घरात मात्र तेच चालायचं. मुलगा फोनवर ठासून सांगायचा, अमुकशेठ मार्ग. त्यांच्या घरात शर्टकंपनी म्हटलेलं चालत नाही, असं त्यांच्याकडची धुणीभांडी करणारी बाई मला सांगायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. मी मशीनवर होते, आई मागं खाटेवर हुक लावत बसली होती. ऐंशीच्या पुढं गेली तरी तिला हात रिकामा चालत नाही. तेवढ्यात टॉवरच्या गेटातून शेठचा मुलगा अनवाणी धावत आला. मोठा साठीचा माणूस, बनियनवर. रस्त्याच्या मध्ये उभा राहून फोनवर ओरडत होता, "मार्ग, अहो मार्ग! पाटी आहे मोठी! कुठं आहात तुम्ही?" शेठाणीला छातीत कळ आली होती. अँब्युलन्स बोलावून बराच वेळ झाला होता आणि ती कुठंतरी नाल्यापलीकडं भटकत होती. ड्रायव्हर ज्याला त्याला विचारत होता आणि जो तो सांगत होता, असा रस्ता इकडं नाही.

ती माझीच शिकवणूक होती. मला लगेच कळलं. अंगावर काटा आला माझ्या, आणि दुसऱ्या क्षणाला काय वाटलं तेही सांगते. मला बरं वाटलं. फिरू दे गाडी, असं वाटलं. स्टुलावरचं ते कापड माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

त्यानं मला बघितलं. धावत दुकानात शिरला आणि फोन माझ्यापुढं धरला. "ताई, तुम्ही सांगा ना त्याला. त्याला कळतच नाहीय. प्लीज. आई जाईल माझी."

मी आईकडं बघितलं. ती हुक लावायची थांबली होती. मी फोन घेतला. त्याच्या डोळ्यात बघत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "शर्टकंपनी. शर्टकंपनीच्या गेटावर या."

"अहो बाई, शर्टकंपनी का!" ड्रायव्हर पलीकडून खेकसला. फोन स्पीकरवर होता, शेठच्या मुलालाही ऐकू गेलं. "मग आधीच सांगायचं ना! मघापासून काय मार्ग-मार्ग लावलंय! आलोच."

आणि आलाच. शेठाणीला स्ट्रेचरवरून खाली आणलं, तोंडाला नळी, डोळे मिटलेले. केवढीशी झाली होती. गाडी वळली आणि गेली. मी मशीनवर येऊन बसले. आईनं पुन्हा सुई हातात घेतली होती.

शेठाणी वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. ती घरी आल्यावर मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. हात जोडले. "ताई, तुमचे उपकार. तुम्ही आईला वाचवलंत."

एवढी वर्षं मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं. गेट, स्टूल, शाल, सगळं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मी नाही वाचवलं. मी फक्त रस्त्याचं नाव सांगितलं. तुमच्या वडलांच्या नावावर विसंबला असतात तर तुमची आई गेली असती."

त्याचा चेहरा पडला. त्यानं पुड्याची दोरी चाचपली. मग हळूच म्हणाला, "खरंय. घरात आता सगळ्यांना सांगून ठेवलंय, काही झालं तर शर्टकंपनीच म्हणायचं. आईला पण पाठ करून घेतलंय. एकटी असताना फोन करायची वेळ आली तर तिला सांगता आलं पाहिजे ना." आणि पुडा मशीनवर ठेवून तो गेला.

मला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा मी नाचेन. नुसती बसून राहिले. मागून आईचा आवाज आला.

"काय म्हनाला तो? तिला पाठ केलंय?"

"हो. शर्टकंपनी म्हणायला शिकवलंय तिला."

आई खाटेवरून उठली, भिंतीला धरून मशीनपाशी आली. पुडा उघडला आणि एक पेढा उचलला. त्या संध्याकाळनंतर ती शेठाणीबद्दल पहिल्यांदा बोलत होती, आणि काजमशीनवर बोलायची तसं नुसते ओठ हलवून नाही, चांगलं मोठ्यानं बोलली.

"बरं झालं जगली. आता जगू दे तिला. खूप वर्षं जगू दे. जीव वाचवायला रोज गेटाचंच नाव घेऊ दे."

पेढा तिनं तोंडात टाकला, चावून चावून खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.